किल्ली कुणाच्या कमरेला?

आज 14 एप्रिल. तळेऱ्यापासून विजयदुर्गापर्यंत आणि इकडे कणकवलीपर्यंत वाड्यावाड्यांत निळे झेंडे लागले आहेत. बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घातले जात आहेत आणि संध्याकाळी मिरवणुका निघतील. याच तारखेला देशभरची अग्निशमन दले आपल्या मृत जवानांना मानवंदना देतात आणि 20 तारखेपर्यंत चालणारा अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो. या सप्ताहात शाळेत, कार्यालयात, रुग्णालयात प्रात्यक्षिके होतील. लाल नळकांड्याची पिन कशी ओढायची, ओल्या पोत्याने गॅसची शेगडी कशी विझवायची, हे मुलांना दाखवले जाईल. ते चांगलेच आहे. पण या जिल्ह्यात काही माणसे अशी आहेत की, ज्यांना आग लागल्यावर काय करायचे हे ठाऊक असूनही उपयोग नाही. त्यांचा दरवाजा बाहेरून बंद असतो आणि किल्ली दुसऱ्याच्या ताब्यात असते. ओरोसचे जिल्हा कारागृह, सावंतवाडीचे जुने कारागृह आणि पोलीस ठाण्यांतल्या कोठड्या यांतल्या माणसांविषयी आज लिहायचे आहे.

अग्निशमन दिन ज्या घटनेवरून पाळला जातो ती मुंबईच्या गोदीतली. 1944 सालचा 14 एप्रिल, शुक्रवार. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या मालवाहू जहाजाच्या पोटात सुमारे 1400 टन स्फोटके होती आणि त्यांच्याच सोबत कराचीत चढवलेल्या कापसाच्या गासड्या. दुपारी धूर दिसला. बंब आले, जवान जहाजावर चढले, पाण्याचा मारा सुरू झाला. पुढचे दोन तास एकच घोळ चालू राहिला: जहाज जागीच बुडवायचे की ओढून समुद्रात न्यायचे, आणि तो हुकूम द्यायचा कुणी? कप्तान, गोदीचे अधिकारी, दारूगोळ्याचे जाणकार असे सगळे तिथे हजर होते. हुकूम कुणीच दिला नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. एकूण मृतांचा अंदाज आठशेच्या पुढे जातो. गोदीत तेव्हा राबणाऱ्यांत आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातले चाकरमानी मोठ्या संख्येने होते. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते डॉ. आंबेडकर. त्या दिवशी त्यांना त्रेपन्न वर्षे पूर्ण झाली होती.

त्या 66 जणांचे शौर्य दरवर्षी आठवले जाते आणि आठवावेच. त्याचबरोबर ते दोन तासही आठवायला हवेत. आग विझवायला माणसे होती, पाणी होते, धैर्य तर अपार होते. फक्त निर्णय कुणी घ्यायचा हे आधी ठरलेले नव्हते. तुरुंगातल्या आगीची गोष्ट इथूनच सुरू होते. फरक इतकाच की, गोदीत दोन तास मिळाले होते. बंद बराकीत दहा मिनिटेही मिळत नाहीत.

होंडुरास नावाचा मध्य अमेरिकेतला छोटा देश. तिथल्या कोमायाग्वा गावच्या तुरुंगात 14 फेब्रुवारी 2012 च्या रात्री आग लागली. पाचशेच्या जागेत साडेआठशे माणसे कोंबलेली. अंथरुणे, कपडे आणि लाकडी बाकडी यांनी काही मिनिटांत पेट घेतला. पहारेकऱ्यांना वाटले, कैदी पळायचा डाव करत आहेत, म्हणून त्यांनी हवेत गोळ्या झाडल्या. गोळीबाराच्या आवाजाने बंबवाले बाहेरच थबकले. किल्ल्या ज्याच्याकडे होत्या तो पहारेकरी जागेवर नव्हता. दवाखान्यात रुग्णसेवेचे काम करणारा एक कैदी तेवढा बराकीबाहेर होता. त्याच्या हाती किल्ल्या आल्या आणि त्याने दारे उघडत शेकडोंना बाहेर काढले. साडेतीनशेहून अधिक माणसे मात्र आतच मेली, बरीचशी दाराच्या गजांपाशी. तुरुंगात असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांवर कोणताही गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. नंतरच्या तपासात ही आग अपघाती ठरली.

त्याआधी ब्याऐंशी वर्षे, 21 एप्रिल 1930 ला, अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या मुख्य तुरुंगात हेच घडले होते. पंधराशेच्या जागेत चार हजारांहून जास्त कैदी. छपराच्या कामासाठी बांधलेल्या लाकडी परांचीला आग लागली आणि ती बराकीवर पसरली. कोठड्या उघडायच्या की नाही यावर पहारेकऱ्यांत घोळ झाला. शेवटी दोघा कैद्यांनी एका पहारेकऱ्याकडून किल्ल्या हिसकावल्या आणि काहींना वाचवले. तिकडे तटाभोवती सैन्य उभे करण्याची घाई मात्र चोख झाली. 322 माणसे मेली. अमेरिकेच्या इतिहासात एवढी मोठी तुरुंग-आग दुसरी नाही.

म्हणजे श्रीमंत देश असो की गरीब, साल 1930 असो की 2012, चूक तीच. कैदी पळेल ही भीती कैदी जळेल या भीतीपेक्षा मोठी ठरली. इंडोनेशियात तांगेरांगच्या तुरुंगात 8 सप्टेंबर 2021 च्या पहाटे एका बंद बराकीत 41 जण जागीच गेले, जखमींतले आणखी काही नंतर दगावले. तिथल्या मंत्र्याने स्वतः सांगितले की, 1972 मध्ये तुरुंग बांधल्यापासून विजेच्या तारा बदललेल्या नव्हत्या. चिलीच्या राजधानीतल्या सान मिगेल तुरुंगात 8 डिसेंबर 2010 ला 81 कैदी मेले. तिथली आग कैद्यांच्या आपसातल्या मारामारीतून पेटली होती. मेक्सिकोच्या सीमेवर स्थलांतरितांना डांबून ठेवण्याच्या ठिकाणी 27 मार्च 2023 ला तर चित्रीकरणच उपलब्ध झाले. आत आग वाढते आहे, धूर दाटतो आहे, गजांपलीकडची माणसे तडफडत आहेत आणि गणवेशातले लोक दार न उघडता निघून जात आहेत. तिथे चाळीस माणसे गेली. या शेवटच्या दोन घटनांत आग आतल्यांनीच लावली होती असे सांगून पुष्कळजण सुटका करून घेतात. पण कैद्याने आग लावली तर त्याच्यावर खटला भरावा. दार बंद ठेवून त्याला आणि त्याच्या शेजाऱ्याला शिक्षा देण्याचा अधिकार कुठल्याही पहारेकऱ्याला कायद्याने दिलेला नाही.

आपल्या गावात गोठ्याला आग लागली की माणूस आधी आत घुसून गुरांची दावी कापतो. सुटलेली गुरे कुणाच्या बागेत शिरतील, रात्री कुठे भटकतील, याचा विचार तो त्या क्षणी करत नाही. ती सकाळी गोळा करता येतात, हे त्याला माहीत असते.

तुरुंगाच्या बाबतीत तर एवढीही जोखीम नाही. तुरुंगाची रचना ज्यांनी आतून पाहिली आहे त्यांना हे लगेच पटेल. बराक म्हणजे तुरुंग नव्हे. बराकीच्या बाहेर आवार, आवाराभोवती उंच तट, तटावर पहारा आणि शेवटी मुख्य दरवाजा. बराकीचे दार उघडले तर कैदी आवारात येतो. रस्त्यावर येत नाही. तट तसाच उभा असतो, मुख्य दरवाजा बंदच असतो. धुरातून बाहेर पडलेला, खोकणारा, अर्धवट कपड्यांतला माणूस वीस फुटांचा तट चढून जाईल या भयाने त्याला आत ठेवणे हा सुरक्षेचा विचार नाही, ती निव्वळ सवय आहे. ‘वरून हुकूम आल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही’ अशी ती सवय आहे. आमच्या मते तुरुंगातल्या अग्निसुरक्षेचा सारा प्रश्न इथे आहे. नळकांडी, पाण्याच्या टाक्या, धुराची घंटा हे सगळे हवेच. पण रात्री अडीच वाजता बराकीसमोर उभ्या असलेल्या शिपायाच्या हाती किल्ली आहे का, आणि ती फिरवण्याचा अधिकार त्याचा स्वतःचा आहे का, या दोन गोष्टी आधी. संध्याकाळी गिनती झाली, बराकी बंद झाल्या, की किल्ल्यांचा जुडगा मुख्य दरवाजापाशी जमा करण्याची पद्धत तुरुंगांतून जुनी आहे. दिवसाच्या शिस्तीला ती ठीक असेल. आगीच्या रात्री मुख्य दरवाजापासून शेवटच्या बराकीपर्यंतचे अंतर हेच माणसाच्या जगण्या-मरण्याचे अंतर ठरते.

आगीत माणूस ज्वाळांनी मरतो, असा आपला समज असतो. बंद खोलीत बहुतेकदा आधी धूर मारतो. फोमची गादी, प्लॅस्टिकच्या बादल्या, नायलॉनच्या दोऱ्या, सिंथेटिक ब्लँकेट यांच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, फोम जळला तर सायनाइडही. चार-सहा श्वासांत माणूस गुंगतो, त्याला दाराची दिशाही कळत नाही. राज्याच्या कारागृह विभागाने 2023 मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या बंद्यांना गादी-उशी वापरायला मुभा दिली. दगडी फरशीवर म्हातारी हाडे टेकवणाऱ्यांसाठी तो माणुसकीचाच निर्णय होता आणि तो मागे घेऊ नये. फक्त ती गादी कशाची आहे, ठिणगीने ती भडकते की विझते, हे पाहून आत सोडावी. आग सहज न धरणारी गादी बाजारात मिळते. रुग्णालयांनी आणि वसतिगृहांनीही तीच घ्यावी.

कोमायाग्वा फार लांब आहे असे कुणाला वाटत असेल तर आपल्याच देशातली कुलपे आठवावीत. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 13 जून 1997 ला 59 माणसे गुदमरून गेली, बाहेर पडायच्या वाटा अडवलेल्या होत्या. तमिळनाडूत एरवाडी इथे दर्ग्याजवळ मनोरुग्णांना ठेवण्याची खासगी ठिकाणे होती. 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे त्यांतल्या एकाला आग लागली. रुग्ण साखळदंडाने खांबांना बांधलेले होते. 28 जण बांधलेल्या जागीच जळाले. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून लक्ष घातले आणि पुढे 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास पूर्ण बंदी घातली. त्या कायद्यापर्यंत पोचायला सोळा वर्षे लागली.

आणि भंडारा. 9 जानेवारी 2021, मध्यरात्र उलटल्यावर जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अर्भकांच्या कक्षात आग लागली. दहा बाळे गेली. त्यांच्या दाराला कुलूप नव्हते, पण त्यांना स्वतःच्या पायांनी बाहेर येता येत नव्हते. अग्निसुरक्षेच्या दृष्टीने दोन्हींचा अर्थ एकच. त्या घटनेनंतर राज्यभरच्या रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासण्याचे आदेश निघाले. त्यानंतर दहा महिनेही झाले नव्हते, तोच 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला आणि कोरोनावर उपचार घेणारे अकरा जण मृत्युमुखी पडले. तपासणी आणि दुरुस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे महाराष्ट्र त्या वर्षी दोनदा शिकला. शिकला असेल, अशी आशा आहे.

देशाची राष्ट्रीय इमारत संहिता या साऱ्या ठिकाणांना एकाच गटात घालते. रुग्णालये, अनाथालये-बालगृहे, तुरुंग आणि मनोरुग्णालये असा तो संस्थात्मक इमारतींचा ‘क’ गट. या गटामागचा विचार साधा आहे. जिथली माणसे स्वतःहून बाहेर पडू शकत नाहीत, तिथे इमारतीने आणि कर्मचाऱ्यांनी त्यांच्या वाटचे काम आधीच करून ठेवायचे. महाराष्ट्रात याच्या जोडीला 2006 चा आग प्रतिबंध व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. इमारतीतली यंत्रणा चालू आहे असे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यायचे, अशी त्यात तरतूद आहे. ‘प्रपत्र ब’ या नावाने ते ओळखले जाते. हॉटेलवाल्याला, मंगल कार्यालयवाल्याला ते द्यावेच लागते, न दिल्यास नोटीस येते. तुरुंगाचे मालक सरकार, भोगवटादार सरकार आणि नोटीस काढणारेही सरकारच. अशा ठिकाणी नियम ढिला पडायला वेळ लागत नाही. म्हणूनच हे प्रमाणपत्र तुरुंगाच्या फाइलमध्ये न ठेवता मुख्य दरवाजावर, मुलाकातीला येणाऱ्या नातेवाइकांना वाचता येईल असे लावावे. ज्या आईचा मुलगा आत आहे तिला ते वाचण्याचा हक्क आहे.

गर्दीबद्दल वेगळे लिहायची गरज नव्हती, इतके ते लिहून झाले आहे. तरीही आगीच्या संदर्भात ते पुन्हा पाहायला हवे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या 2022 च्या अहवालानुसार देशातल्या तुरुंगांत क्षमतेच्या 131 टक्के माणसे होती. महाराष्ट्रात हे प्रमाण 160 टक्क्यांच्या पुढे होते. देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन न्यायाधीन, म्हणजे ‘कच्चे’ कैदी. त्यांचा खटला संपलेला नाही, त्यांतले कितीतरी निर्दोष सुटणार आहेत. शंभराच्या बराकीत एकशे साठ माणसे निजली की दारापर्यंतची वाटही अंथरुणाने व्यापते. पंख्यांच्या तारांवर, टीव्हीच्या प्लगवर ताण वाढतो. दार वेळेवर उघडले तरी तेवढ्याच रुंदीतून दीडपट माणसे निघायची असतात, आणि चेंगराचेंगरीला आग तरी कशाला हवी. 2020 मध्ये कोरोनाच्या भीतीने उच्चाधिकार समितीने राज्यातल्या हजारो कैद्यांना तात्पुरते सोडले. म्हणजे मनात आणले तर गर्दी कमी करता येते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 479 पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याला, शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत गेल्यावर, बंधपत्रावर सोडण्याची सोय करते. जन्मठेपेच्या किंवा फाशीच्या गुन्ह्याला ते लागू नाही. तुरुंग अधीक्षकानेच अशांचे अर्ज न्यायालयाकडे पाठवायचे आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने ही यादी दर महिन्याला तयार ठेवली तर अग्निसुरक्षेचे अर्धे काम एकही नळ न बसवता होईल.

या तुरुंगांत आपलीच माणसे असतात. बांद्यापासून खारेपाटणपर्यंतच्या महामार्गावर गोवा बनावटीच्या दारूची वाहतूक पकडली जाते, तेव्हा मालक क्वचितच सापडतो. सापडतो तो चालक, पंचविशीतला, हप्त्यावर गाडी घेतलेला. भावबंदकीच्या मारामारीत दोन्हीकडचे भाऊ आत जातात. जामीन मिळूनही जामीनदार न मिळालेला कुणी मजूर तिथे महिनोन् महिने पडून असतो. महिला कैद्यांसोबत सहा वर्षांपर्यंतची मुले राहू शकतात, त्यांच्यावर तर कसलाच आरोप नसतो. आणि रात्रपाळीचे शिपाई, हवालदार हेही त्याच तटाच्या आत असतात. अपुऱ्या मनुष्यबळावर दोन-दोन जणांचे काम एकजण करतो. उद्या अघटित घडले तर चौकशी त्या शिपायाचीच होईल आणि ‘तू कुलूप का उघडले नाहीस’ असे त्यालाच विचारले जाईल. आजवर मात्र ‘तू कुलूप का उघडलेस’ याच प्रश्नाची त्याला भीती घातली गेली आहे. त्याच्यासाठीही लेखी आदेश हवा.

‘गुन्हेगारांचे एवढे लाड कशाला?’ असे म्हणणारे भेटतात. बाहेरची शाळा गळते आहे, आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही, तिथे कैद्यांच्या बराकीत स्प्रिंकलर? हा प्रश्न विचारणाऱ्याचा राग खोटा नसतो आणि त्याला उत्तर द्यायला हवे. न्यायालय माणसाला शिक्षा देते ती ठरावीक वर्षांच्या बंदिवासाची. आगीत जळून मरण्याची शिक्षा भारतातल्या कोणत्याही न्यायालयाने कुणालाही दिलेली नाही. आपण घरात असतो तेव्हा खिडकी फोडून उडी मारू शकतो, शेजाऱ्याला हाक मारू शकतो. राज्याने ज्याच्याकडून ही प्रत्येक वाट काढून घेतली, त्याचा जीव राखण्याचे काम त्याच क्षणी राज्याने स्वतःच्या शिरावर घेतले. सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये नीलाबती बेहेरा खटल्यात, कोठडीतल्या मृत्यूबद्दल भरपाई देण्यापासून राज्याला सार्वभौमत्वाच्या आड लपता येणार नाही, असे बजावले. हे लाड नव्हेत. ज्याने कुलूप घातले त्याचे हे कर्ज आहे.

आजच्या दिवशी बाबासाहेबांचे नाव इथे घेतो आहोत ते तारीख जुळली म्हणून नव्हे. राज्यघटनेच्या मसुद्यात जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचे कलम होते तेव्हा 15 वे, आज ते 21 वे आहे. त्यातली ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ ही शब्दयोजना पुरेशी नाही, तिने संसदेला हवे तसे अटकेचे कायदे करायला मोकळीक मिळते, अशी टीका झाली होती. सप्टेंबर 1949 मध्ये डॉ. आंबेडकरांनी घटना समितीसमोर ती उणीव मान्य केली आणि तिची भरपाई म्हणून एक नवे कलम आणले. तेच आजचे 22 वे कलम. अटकेचे कारण सांगा, वकील भेटू द्या, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करा. ज्याच्या हातात काहीच उरलेले नाही अशा बंद खोलीतल्या माणसासाठी त्यांनी हे कलम लिहिले. चोवीस तासांची ती मुदत म्हणजे, कोंडलेल्या माणसाच्या बाबतीत घटनेने राज्याला लावून दिलेले घड्याळ. आम्ही मागतो आहोत ते दुसरे घड्याळ मिनिटांचे आहे.

तुरुंगाच्या आत घटना पोचायला वेळ लागतो हेही खरे. कैद्यांना जातीवरून झाडूकाम आणि स्वयंपाक वाटून देणारे तुरुंग-नियम सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले ते 3 ऑक्टोबर 2024 ला, म्हणजे घटना अमलात येऊन पंच्याहत्तरावे वर्ष चालू असताना. पत्रकार सुकन्या शांता यांनी तो विषय लावून धरला नसता तर तो आणखी किती वर्षे तसाच राहिला असता कोण जाणे. त्याच निकालात न्यायालयाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तुरुंगाचे अभ्यागत मंडळ यांनी मिळून नियमित पाहणी करावी असे सांगितले आहे. या पाहणीचा उपयोग आगीसाठीही करता येतो. जेवणाची चव, दवाखाना, जातिभेद यांच्यासोबत त्या वहीत कुलपांचेही एक पान असावे.

आता आपल्या जिल्ह्याचे. तळेऱ्यातून चार वाटा फुटतात: खारेपाटण, कणकवली, वैभववाडीवरून गगनबावड्याचा घाट, आणि विजयदुर्ग. यातल्या कुठल्याही वाटेवर रात्री आग लागली तर बंब कुठून आणि किती वेळाने येईल, हे इथल्या माणसाला सांगायला नको. मार्च-एप्रिलमध्ये काजू-आंब्याच्या बागांत वणवा शिरतो तेव्हा हिरवे टहाळे घेऊन धावते ती वाडी. बंब पोचेपर्यंत अर्धी बाग गेलेली असते. नगरपालिका आणि नगरपंचायतींच्या गावांवर सगळ्या जिल्ह्याची भिस्त. मुंबईत भायखळ्याला महिला कारागृहही आहे आणि अग्निशमन दलाचे मुख्यालयही तिथेच, दोन्हींत फारसे अंतर नाही. सिंधुदुर्गात तसे नाही. इथे पहिली दहा मिनिटे ज्याची त्याची, हा अलिखित नियम आहे. तुरुंगात ती पहिली दहा मिनिटे पूर्णपणे शिपायाची आणि त्याच्या हातातल्या किल्लीची. वाडीला तिथे आत धावत जाता येत नाही.

म्हणून करायचे ते फार खर्चाचे नाही. रात्रीच्या पहाऱ्यावर प्रत्येक बराकीपाशी त्या बराकीची किल्ली असावी, आणि अंधारात, धुरात नुसत्या बोटांनी ओळखता येईल अशी तिच्यावर खूण असावी. दुसरा संच अधीक्षकाच्या खोलीत नको, आवारातच काचेच्या पेटीत हवा. धूर दिसताच आधी बराक उघडून माणसांना आवारात बसवायचे आणि मग वर कळवायचे, असा लेखी स्थायी आदेश काढावा. आवारात जमायची जागा ठरवून द्यावी. जुन्या इमारतींत लाकडी छप्पर वा जुन्या तारा कुठे राहिल्या असतील तर पावसाळ्याआधी बांधकाम खात्याच्या विद्युत शाखेने त्या तपासून बदलाव्यात. कैद्यांतूनच काहींना आग विझवण्याचे रीतसर शिक्षण द्यावे. कोमायाग्वाला आणि ओहायोला शेवटी कुलपे कैद्यांनीच उघडली, हे विसरू नये. पोलीस ठाण्यांच्या कोठड्यांनाही हेच लागू करावे. तिथे तर रात्री एकटा ठाणे अंमलदार असतो आणि तोही कधी फोनवर, कधी तक्रारदारापुढे. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात आपल्या जिल्ह्यातले रुग्ण जातात. बालगृहे आहेत, आश्रमशाळा आणि वसतिगृहे आहेत. चोरांच्या भीतीने बाहेरून कड्या घातलेली आणि खिडक्यांना पक्के गज ठोकलेली प्रत्येक इमारत या यादीत येते.

आणि रंगीत तालीम रात्री घ्यावी. सकाळी अकरा वाजता, पाहुण्यांसमोर, सगळे कर्मचारी हजर असताना घेतलेल्या प्रात्यक्षिकाचे छायाचित्र चांगले येते, पण आग त्या वेळी लागेलच असे नाही. भंडारा, तांगेरांग, कोमायाग्वा, एरवाडी, साऱ्या आगी रात्रीच्या वा पहाटेच्या. रात्री दोन वाजता, निम्मे लोक रजेवर असताना, दिवे बंद करून एकदा बराकी उघडून पाहाव्यात.

जिल्हा न्यायाधीश आणि जिल्हाधिकारी हे तुरुंगाचे पदसिद्ध अभ्यागत असतात. त्यांना आमची विनंती आहे की, या सप्ताहात, 20 तारखेच्या आत, ओरोस आणि सावंतवाडीच्या कारागृहांत अशी एक रात्र-तालीम आपल्यासमोर घ्यावी. घड्याळ लावून पाहावे. पहिल्या हाकेपासून शेवटचे कुलूप उघडेपर्यंत किती मिनिटे लागली, ते जिल्ह्याला जाहीर सांगावे. पाचाहून अधिक लागली असतील तर पुढच्या महिन्यात पुन्हा घ्यावी.